दिवसा फ्लेक्स, रात्री प्लेस्टेशन: दुकानाच्या नव्या पीसीच्या नोंदी

२ मार्च २०२५

दुकानातला पीसी बदलायचं आज ठरलं. आत्ताचा आहे इंटेल आय५-४४६०: चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे गडी), चार थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं), ३.२ गिगाहर्ट्झ, सोबत ८ जीबी डीडीआर३ रॅम. चिप २०१४ ची. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. ही चौथी. म्हणजे नुसती रॅम वाढवून भागणार नाही.

दुकान दादाचं, नाद माझा. दिवसा कोरल आणि फोटोशॉप: फ्लेक्स, लग्नपत्रिका, शाळांची स्मरणिका. शटर पडल्यावर एम्युलेटर, म्हणजे खेळयंत्राची नक्कल करून त्याचे खेळ पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर. पीएसपी आणि पहिला प्लेस्टेशन मजेत चालतात, पीएस२ धापा टाकतो, पीएस३ चं नावच नको.

हाताशी ७५ हजार. मॉनिटर, यूपीएस आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड जुनंच राहील. मशीन पाडव्याला, म्हणजे ३० मार्चला सुरू व्हायला हवी, ही दादाची अट. त्यामागे मुहूर्त आहे आणि हिशोबही आहे: १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, ३० ला अक्षय तृतीया. अकोल्यात या दोन तारखांच्या मध्ये फ्लेक्सवाल्याला जेवायला वेळ नसतो.

५ मार्च

खरेदीआधी मोजमाप. दादा मोठ्या बॅनरवर काम करत होता तेव्हा मागे उभा राहून टास्क मॅनेजर बघितला. कर्सर गोल फिरतोय, फोटोशॉप गप्प, आणि सीपीयूचा आकडा २८ टक्के.

दादा म्हणाला, “अठ्ठावीसच? मग काहून अडकते रे हे?”

चार थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला की एकूण आकडा २५ दिसतो. वरचे दोन-तीन टक्के विंडोजचे. म्हणजे एक गडी पूर्ण दमलाय आणि बाकीचे तिघं बिडी ओढत बसलेत. विंडोज काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहते, त्यामुळे आलेखात एकही कोअर शंभरावर दिसत नाही आणि माणूस फसतो. बारा थ्रेडच्या नव्या मशीनवर हाच अडथळा जेमतेम ८ टक्के दिसेल. दुकानदार तोच आकडा दाखवून म्हणेल, बघा, प्रोसेसरवर काही लोडच नाही.

रात्री पीसीएसएक्स२ या पीएस२ च्या एम्युलेटरवर ‘ग्रॅन टुरिस्मो ४’ लावला. इथे सोय बरी आहे, पडद्याच्या कोपऱ्यात ईई (पीएस२ चा मुख्य प्रोसेसर), जीएस (ग्राफिक्स) आणि व्हीयू (आकडेमोड) अशा तीन थ्रेडचा भार वेगवेगळा दिसतो. सुरुवातीच्या रांगेत गाड्यांची गर्दी झाली की ईई शंभराला टेकतो, आवाज तुटतो. ग्राफिक कार्ड तेव्हा निम्मंही भरलेलं नसतं.

दिवसाचं दुखणं आणि रात्रीचं दुखणं एकच निघालं. हे अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं, दादाला जास्त कोअर लागतील आणि मला जास्त वेग, आणि त्यावरून घरात वाद होतील.

९ मार्च

एम्युलेटरला एकच कोअर का पिळावासा वाटतो, हे दादाला आज सविस्तर सांगितलं. तो पत्रिका लावत होता, निम्मं ऐकलं. इथे लिहून ठेवतो.

पीएस२ चा मुख्य प्रोसेसर, इमोशन इंजिन, साधारण २९५ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची आज्ञावली वेगळी. एम्युलेटर ती तुकड्यातुकड्याने वाचतो, आपल्या प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये बदलतो, साठवतो आणि चालवतो. मूळ यंत्रात एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी इथेही त्याच क्रमाने घडाव्या लागतात. पहिल्या आज्ञेचं उत्तर आल्याशिवाय दुसरी सुटत नाही, मग ती दुसऱ्या कोअरला देऊन उपयोग काय? वरून घड्याळाचा धाक. आपल्याकडे पीएस२ च्या डिस्का पाल पद्धतीच्या, सेकंदाला ५० चित्रं. प्रत्येक चित्राला २० मिलिसेकंद. अमेरिकन-जपानी डिस्क असेल तर ६० चित्रं आणि १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकलं नाही की खेळ रेंगाळतो.

अचूकतेची किंमत किती जबर असते याचं माझं आवडतं उदाहरण सुपर निन्टेन्डोचं. त्याचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा. पण त्यातली प्रत्येक चिप टिकटिकेपर्यंत जुळवायची तर ३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पीसी लागतो, असं सुपर निन्टेन्डोच्या बीएसएनईएस या एम्युलेटरचे कर्ते बायू यांनी २०११ मध्ये एका लेखात मांडलं होतं. म्हणजे शेकडो पट. कारण चार-पाच चिपा एकमेकींकडे सतत बघत काम करतात आणि हे बघणंच महाग पडतं.

डॉल्फिन या एम्युलेटरचंही तसंच. निन्टेन्डोच्या गेमक्यूब आणि वी (Wii) या दोन्ही यंत्रांसाठी मुख्यतः दोन थ्रेड, एक सीपीयूचा आणि एक ग्राफिक्सचा. तिसरा-चौथा कोअर आहे म्हणून खेळ जोरात पळत नाही.

गिगाहर्ट्झचा आकडाही सुटा बघायचा नाही. २००४ चा पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झचा होता, आजचा ३.८ वाला त्याला धूळ चारतो. एका टिकटिकीत किती काम होतं ते महत्त्वाचं. म्हणून तुलना करताना फक्त सिंगल थ्रेडचे निकाल बघायचे, आणि तेही एकाच चाचणीतले.

१२ मार्च

आता दादाची बाजू. वीस बाय दहा फुटांचा बॅनर, १०० डीपीआय, म्हणजे इंचाला १०० पिक्सेल. वीस फूट म्हणजे २४० इंच, म्हणजे २४,००० पिक्सेल. दहा फुटांचे १२,०००. गुणाकार २८ कोटी ८० लाख पिक्सेल. सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग, पिक्सेलमागे ४ बाइट. एक पूर्ण भरलेला लेयर साधारण १.१५ जीबीचा. ७२ डीपीआयवर हेच ६०० एमबीच्या खाली येतं, आणि चौकात तीस फुटांवरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण गिऱ्हाईक दुकानात येऊन स्क्रीनवर नेत्याचा चेहरा झूम करून बघतं. तेव्हा १००.

आता त्यावर नेत्याचा फोटो, मागे सूर्यकिरण, खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे, प्रत्येकाला सावली आणि पांढरी कडा. शिवाय फोटोशॉप मागच्या ५० पायऱ्या लक्षात ठेवतो, तीच मूळ सेटिंग आहे. ८ जीबीत हे मावत नाही, मग सगळं डिस्कवर उतरतं आणि दादा चहाला जातो.

फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाईलला ३०,००० पिक्सेल आणि २ जीबीची मर्यादा आहे. पिक्सेलात आपण बसतो, वजनात बसत नाही. मोठ्या बॅनरसाठी पीएसबी, हा फोटोशॉपचाच मोठ्या फाईलींचा प्रकार. सेव्ह करताना होणारं कॉम्प्रेशन बंद करायची सोय प्रेफरन्सेसमध्ये आहे, फाईल फुगते पण वाट बघणं बरंच कमी होतं. जुन्या मशीनवर आजच लावून टाकलं.

कोरल याहून एककल्ली. पारदर्शकता आणि पॉवरक्लिप (आकाराच्या आत चित्र बसवणं) एकात एक घातल्या की एका कोअरवर घासत बसतं.

१४ मार्च

धुळवड. दुकान बंद. इच्छायादीतून निन्टेन्डोचा स्विच काढून टाकला. त्याचा एम्युलेटर युझू गेल्या मार्चमध्ये निन्टेन्डोशी २४ लाख डॉलरच्या तडजोडीनंतर बंद झालं, ऑक्टोबरात दुसरा एम्युलेटर र्‍युजिन्क्सही. जे सुधारत राहणार नाही त्याच्यासाठी आज पैसे घालायचे नाहीत. पीएस२ ची बायोस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) मी माझ्याच यंत्रातून काढलेली आहे. पीएस३ चं फर्मवेअर सोनीच्याच संकेतस्थळावरून उतरवता येतं. डिस्का कपाटात आहेत.

१६ मार्च

इंटेल की एएमडी.

आय५-१२४०० स्वस्त आणि गुणी. सहा कोअर, बारा थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत. पीएस२ आणि वी पर्यंत याला नाव ठेवायला जागा नाही. फक्त त्या सॉकेटची (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेची) गाडी चौदाव्या पिढीला संपली, पुढे बदलायचं तर बोर्डही बदला.

आय५-१४६००के वर मन बरंच रेंगाळलं. सहा मोठे कोअर, आठ छोटे, वीस थ्रेड, ५.३ गिगाहर्ट्झ. कागदावर दोघांचंही काम होतं. पण जोरात पळताना १८१ वॉट खातो. आमचा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे खरे वॉट साधारण ३६०. त्यात प्रोसेसर, ७५ वॉटचं कार्ड, मॉनिटर. वीज गेल्यावर दादाला फाईल सेव्ह करण्यापुरता वेळ हवा असतो, तोही उरणार नाही. दुसरं म्हणजे तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या मोठ्या चिपांना जास्त व्होल्टेज जाऊन त्या कायमच्या अस्थिर होत होत्या. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०x१२९ हा मायक्रोकोड (चिपच्या आतली दुरुस्ती) दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती झाली असेलही. लग्नसराईच्या तोंडावर माझी प्रयोगाची तयारी नाही. नवी कोअर अल्ट्रा मालिका बघितली, बोर्डाची किंमत बघून पान मिटलं.

तिसरं कारण फक्त माझं: पीएस३.

पीएस३ चा सेल प्रोसेसर म्हणजे एक मुख्य कोअर आणि मदतीला एसपीई नावाची छोटी यंत्रं. चिपवर आठ, पीएस३ मध्ये सात चालू, खेळाच्या वाट्याला सहा. प्रत्येक एसपीईकडे २५६ केबीची स्वतःची स्मृती आणि १२८ बिट रुंदीचे १२८ रजिस्टर (आकडे हाताशी ठेवायचे कप्पे). आपल्या साध्या प्रोसेसरकडे एव्हीएक्स२ या आज्ञासंचात असे रजिस्टर १६. बाकीचं सामान सारखं आत-बाहेर करत बसावं लागतं. एव्हीएक्स-५१२ मध्ये ते ३२ होतात आणि एसपीईची बाइट-फिरवाफिरवी एकेका आज्ञेत बसवता येते. आरपीसीएस३ हा पीएस३ चा एम्युलेटर याचा फायदा घेतो. इंटेलने अकराव्या पिढीत डेस्कटॉपवर एव्हीएक्स-५१२ दिलं होतं. बाराव्यात छोटे कोअर आले, त्यांना ते जमत नव्हतं, म्हणून मोठ्यांचंही काढून घेतलं. एएमडीने २०२२ मध्ये झेन ४ पिढीत ते आणलं. एक आज्ञा २५६ बिटांच्या दोन फेऱ्यांत चालवतं, पण पीएस३ ला रुंदीपेक्षा आज्ञा हव्यात, त्यामुळे चालून जातं.

थोडक्यात एएमडी, एएम५ सॉकेट. हे सॉकेट २०२७ पर्यंत तरी चालवू असं एएमडीने जाहीर केलंय.

१९ मार्च

यादी तिघांवर आली, तिघंही एएमडीचे रायझन.

रायझन ७ ७८००एक्स३डी: ९६ एमबी कॅश (चिपवरचीच झटपट स्मृती), नव्या खेळांचा राजा. किंमत खालच्या रायझन ५ ७६०० च्या दुपटीहून जास्त, वेग ५.० गिगाहर्ट्झ, म्हणजे ७६०० पेक्षा कणभर कमीच. फोटोशॉपला त्या कॅशचं फार कौतुक नाही. गेला.

रायझन ७ ७७००: आठ कोअर, ५.३ गिगाहर्ट्झ, ६५ वॉट.

रायझन ५ ७६००: सहा कोअर, ५.१ गिगाहर्ट्झ, ६५ वॉट, ३२ एमबी कॅश, डब्यात पंखा, आत छोटंसं ग्राफिक. (७५००एफ आणखी स्वस्त, पण ग्राफिक नाही. ऐन सीझनमध्ये कार्ड मेलं तर दुकान बंद. नको.)

७६०० आणि ७७०० मधला फरक आणि ३२ जीबी-६४ जीबी रॅममधला फरक बाजारात जवळपास सारखाच निघाला. म्हणजे दोन जादा कोअर किंवा ३२ जीबी जादा रॅम. सिंगल थ्रेडमध्ये ५.१ आणि ५.३ चा फरक चार टक्के. जादा कोअर पीएस३ ला थोडे कामी येतील. रॅम मात्र रोज दहा तास कामी येईल. १२ तारखेचा गुणाकार दादापुढे ठेवला. त्याने अर्धं मिनिटही घेतलं नाही. ७६०० आणि ६४ जीबी.

रॅम दोनच पट्ट्यांत घ्यायची, ३२ च्या दोन. या मालिकेत एएमडीचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना डीडीआर५-५२०० आणि चार लावल्या तर ३६००. “आत्ता दोन घ्या, पुढे दोन टाका” हा डीडीआर३ च्या काळातला सल्ला इथे अंगाशी येतो. ६००० ची, एक्स्पो (एएमडीची रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) असलेली जोडी घेऊ.

२४ मार्च

बोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट गावातून. प्रोसेसर आणि रॅम मित्राने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून दिली, पक्क्या बिलावर. गावातल्या दुकानदाराने “आठ कोअर घ्या, भाऊ, सहा जुने झाले” असं तीनदा म्हणून बघितलं.

२९ मार्च

जोडणी. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटला असतात, त्यामुळे चिप उचलताना हात कापत नाहीत, बोर्ड धरताना कापतात.

पहिल्यांदा चालू केलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. वहिनी दारात उभी राहून, “भावजी, झालं का?” काही करायचं नसतं. डीडीआर५ रॅमची ओळखपाळख पहिल्या वेळी काही मिनिटं चालते, ६४ जीबीला आणखी. घाईत बटण दाबून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. चहा झाला आणि बायोस आलं. एक्स्पो चालू केल्यावर पुन्हा तोच खेळ.

३० मार्च, पाडवा

हळदकुंकू कॅबिनेटच्या बाहेरच्या बाजूला, असं आधीच सांगून ठेवलं होतं. मराठी फॉन्टचं जुनं डोंगल (परवान्याची चावी) विंडोज ११ ने ओळखलं, हीच माझी खरी धाकधूक होती. गेल्या वर्षीची जयंतीची फाईल उघडली. दादाने झूम केलं, लेयर हलवला, परत हलवला. काही बोलला नाही, पुढची फाईल उघडली.

३ एप्रिल

रात्रपाळी. पीसीएसएक्स२ मध्ये तीच शर्यत, तीच गर्दी. ईईचा भार पन्नाशीच्या आत, आवाज सलग. रिझोल्यूशन तिप्पट केलं तेव्हा भार कार्डावर गेला, प्रोसेसर ढिम्म.

आरपीसीएस३ चं पहिलं उघडणं वेगळं असतं. खेळाचा सगळा कोड आधी बदलून ठेवतो आणि त्या वेळी बाराही थ्रेड शंभरावर जातात. इथेच आठ कोअरवाला पुढे जाईल. पण हे एका खेळाला एकदा, किंवा एम्युलेटर अद्ययावत केल्यावर. त्यानंतर हलका खेळ पूर्ण वेगात, जड खेळ ३० च्या खाली-वर डुलतो. १६५० ला दोष द्यायचा मोह झाला, पण रिझोल्यूशन उतरवून बघितलं तर आकडा तोच राहिला. म्हणजे सीमा प्रोसेसरचीच. मला चालेल.

१० एप्रिल

पारा चाळिशीपार. दुकानात डेझर्ट कूलर आहे, तरी दुपारी चारला टेबलापाशी ३६. दादा मोठं पीडीएफ काढत असताना आणि मागे फोटोंची बॅच चालू असताना प्रोसेसर ९५ अंशांवर. ही एएमडीनेच ठरवलेली मर्यादा आहे, तिथे पोचला की वेग आपोआप आवरतो, जळत नाही. पण डब्यातल्या ॲल्युमिनियमच्या पंख्याचा आवाज पिठाच्या चक्कीला लाजवेल असा, आणि गिऱ्हाईक वर बघतं.

बायोसमध्ये एको मोड ४५ वॉट लावला. ४५ हा आकडा नावापुरता, प्रत्यक्षात प्रोसेसरला मिळणारी कमाल वीज ८८ वॉटवरून साठीवर येते. तापमान ८० च्या आत, पंखा शांत. बॅच एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागतो. फोटोशॉपमध्ये दादाला फरक कळला नाही, पीसीएसएक्स२ मध्ये मला कळला नाही. कळणारही नव्हता. एकटा कोअर ५.१ वर पळाला तरी त्याला साठ वॉट लागतच नाहीत, मर्यादा आड येते ती सगळे एकदम धावले तरच. एका कोअरच्या वेगावर चालणाऱ्या कामाचा हा फायदा कुठल्याच दुकानदाराने सांगितला नव्हता. पावसाळ्यात परत ६५ करू.

चार हीट पाइपांचा उभा कूलर मागवायचा होता, तो बेत रद्द. कॅबिनेट मात्र डेझर्ट कूलरच्या झोतातून बाजूला घेतलं. आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर खिडकीच्या गजांवर बसतो, तो बोर्डावर नको.

१३ एप्रिल

उद्या जयंती. सकाळपासून एकही मिनिट मशीन माझ्या हाती नाही. एका मंडळाने वीस बाय दहाचा बॅनर तीनदा बदलून घेतला: चेहरे वाढले, मग दोन वगळले, मग वगळलेल्यांपैकी एक परत आला. फोटोशॉपने ४१ जीबी रॅम घेतली होती. ३२ घेतली असती तर हा बॅनर पुन्हा डिस्कवर उतरला असता. सीपीयूचा आकडा ११ टक्के. दादाने स्वतःहून टास्क मॅनेजर उघडून बघितला आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगत होता, “अकराच दिसते, पन एक कोअर फुल आहे बरं.”

२० एप्रिल

जुना आय५ वहिनीकडे. पत्रिकांचा मजकूर टाईप करायला आणि जीएसटीच्या पावत्यांना पुरतो. ऑक्टोबरच्या आत त्यावर लिनक्स टाकायचं, छपाईचं तेवढं आधी तपासून घ्यायचं.

उरलेली कामं: आरपीसीएस३ च्या कॅशेसाठी डिस्कवर वेगळा फोल्डर, दादाच्या फाईलींचा रोजचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि यूपीएसची बॅटरी. काल वीज गेली तेव्हा सात मिनिटं टिकली. फाईल सेव्ह झाली, माझी शर्यत नाही.